पाच मतांचे पुस्तक आणि एका मताचे पुस्तक : अंबाजोगाईतील एका वाचनगटाच्या निवडीचे प्रकरण

मे २०२३ च्या बैठकीत आमच्या वाचनगटाने हात वर करून एक जाड भाषांतरित कादंबरी निवडली आणि जूनच्या बैठकीला तेरापैकी पाच जण आले. त्या पाचांतही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले दोघेच होते, त्यामुळे चर्चा अर्ध्या तासात आटोपली आणि उरलेला वेळ लांबलेल्या पावसाबद्दल बोलण्यात गेला. जे आले नव्हते त्यांच्यापैकी कोणी भांडून किंवा रुसून राहिले नव्हते. एकाकडे पाहुणे होते, एकीला बरे नव्हते, एकाची पेरणीपूर्व कामे उरकायची होती, आणि ही कारणे खरीही असतील. मात्र त्याच आठवड्यात भाजी बाजारात भेटलेल्या एका सदस्याने मी काही विचारण्याआधीच, हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत, ‘पुस्तक अर्ध्यावरच राहिलंय बरं का’ असे सांगून टाकले. मित्राला मित्र भेटल्यावर पहिले वाक्य अपराधी स्वरात निघावे, हे मला लागले. आमच्या निवडीच्या पद्धतीत काही तरी चुकते आहे, हा विचार तिथून सुरू झाला. त्यानंतरच्या चार महिन्यांत काय झाले, ते मी गटाच्या नोंदवहीच्या आधारे येथे मांडतो आहे. नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे असल्याने आकडे आठवणीवर सोडलेले नाहीत. सदस्यांची नावे मात्र दिलेली नाहीत. गटात आम्ही एकमेकांना ज्या संबोधनांनी हाक मारतो, तीच येथे वापरली आहेत.

पार्श्वभूमी

गट लहान आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत आम्ही बसतो. तेरा सदस्यांत निवृत्त गणित शिक्षक आहेत, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या ‘बाई’ आहेत. पंचाहत्तरी ओलांडलेले ‘अण्णा’ आहेत. घर सांभाळून वाचन जपलेल्या ‘काकू’ आहेत. जवळच्या खेड्यातून एसटीने येणारे शेतकरी ‘भाऊ’ आहेत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक तरुण आहे, आणि इतर दुकान, बँक, दवाखाना अशा ठिकाणी काम करणारे आहेत. पुस्तक सुचवायचे, हात वर करायचे, ज्याला जास्त हात ते पुस्तक पुढच्या महिन्याचे, अशी आमची रीत होती. ती लोकशाहीची रीत आहे म्हणून आम्हाला तिच्याबद्दल अभिमानच होता.

अंबाजोगाईत ग्रंथांना श्रोते कमी पडल्याचे जुनी माणसे सांगत नाहीत. परंपरा मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ याच गावाशी जोडते, आणि दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिला तोही येथेच. श्रावणात देवळात ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावला की एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचे, ही पद्धत आमच्यातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी पाहिलेली आहे. त्या व्यवहारात वाचणारा एक असे आणि ऐकणारे गावभर असत. ग्रंथ कोणता हा प्रश्न फारसा पडत नसे आणि ‘तुझे वाचून झाले का’ असे कोणी कोणाला विचारत नसे. वाचनगट नेमका उलटा आहे. प्रत्येकाने आपापल्या घरी, आपापल्या वेळात, एकट्याने पुस्तक संपवून यावे, अशी त्याची अपेक्षा असते. ही अपेक्षा तेरा वेगवेगळ्या घरांत कशी उतरते, याचा विचार आम्ही निवड करताना कधीच केला नव्हता.

जूनच्या बैठकीनंतर मी मे महिन्यात ज्यांनी त्या कादंबरीसाठी हात वर केले होते, त्या सहा जणांना एकेकटे गाठून विचारले की आपण हात का वर केला होता. दोघांनी पुस्तकाचे नाव पुष्कळ ऐकले होते म्हणून सांगितले, एकाने ते सरांनी सुचवले होते म्हणून सांगितले, आणि उरलेल्या तिघांचे उत्तर जवळपास एकच होते: अशी पुस्तके आपण वाचायला हवीत. या सहांपैकी पुस्तक संपवले होते दोघांनी. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटली. ‘वाचायला हवे’ आणि ‘मी वाचणार आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि वर केलेला हात पहिल्या वाक्याचा असतो. हात मोजून आम्ही गटाचा आदर कोणत्या पुस्तकाला आहे ते मोजत होतो आणि त्यावरून पुढच्या महिन्याचे वेळापत्रक ठरवत होतो.

९ जुलैची बैठक

जुलैच्या बैठकीआधी सर, बाई आणि मी यांनी बसून तीन बदल ठरवले. सुचवणाऱ्याने पाच मिनिटे बोलावे आणि पुस्तकाची पहिली दोन पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. त्यानंतर मत देण्याआधी एक फेरी अडचणींची व्हावी, ज्यात प्रत्येकाने प्रत्येक पुस्तकाबद्दल स्वतःला येणारी एक तरी अडचण सांगावी, सुचवणाऱ्यानेही आपल्याच पुस्तकाची सांगावी. आणि शेवटी हात वर न करता निनावी चिठ्ठी लिहावी. त्या दिवशी तेराही सदस्य हजर होते, कारण जूनच्या फजितीनंतर मी प्रत्येकाला फोन केला होता.

चार पुस्तके पुढे आली. अण्णांनी अनंत भालेराव यांचे ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ सुचवले. त्यांचे म्हणणे साधे आणि ठाम होते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांत निजामाच्या राजवटीचा शेवट झाला. येत्या १७ सप्टेंबरला त्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. आणि त्या लढ्यात स्वतः उतरलेल्या, पुढे ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक झालेल्या माणसाने लिहिलेला इतिहास या निमित्ताने आपण वाचणार नसू तर कधी वाचणार? त्यांचे वडील सरहद्दीवरच्या एका शिबिरात होते. अण्णांची स्वतःची प्रत खाकी कागदाचे वेष्टन घातलेली होती आणि पाने वाचताना त्यांना पुस्तकात पाहावे लागत नव्हते.

बाईंनी परभणीचे कथाकार आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ हा कथासंग्रह सुचवला, ज्याला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. स्पर्धा परीक्षेच्या तरुणाने एक खूप खपलेले, सवयी आणि शिस्त यांबद्दलचे भाषांतरित पुस्तक सुचवले. त्याच्या खोलीतल्या सगळ्यांनी ते वाचले होते आणि त्याचा आपल्याला उपयोग झाला, हे त्याने मनापासून सांगितले.

चौथे पुस्तक काकूंचे होते, रा. रं. बोराडे यांची १९७१ ची ‘पाचोळा’. काकू बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मला पाच मिनटं काही बोलता येणार नाही. मी वाचूनच दाखविते.’ लातूर जिल्ह्यातल्या काटगावच्या या लेखकाने एका शिंप्याच्या संसाराची वाताहत त्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत सांगितली आहे. बोलीत लिहिलेला मजकूर वाचताना शिकलेली माणसे सहसा एक तर तो शुद्ध करत जातात किंवा नाटकात काम केल्यासारखा उगाच ठसक्यात वाचतात. काकूंनी दोन्ही केले नाही. त्या आपल्या घरात बोलतात तशा वाचत गेल्या, श्वास जिथे तुटायचा तिथे तोडत, आणि एका ठिकाणी वाक्य संपल्यावर पान न उलटता क्षणभर थांबल्या. मोबाइलवर हवामानाचा अंदाज पाहत बसलेल्या भाऊंनी मोबाइल उपडा करून मांडीवर ठेवला. ज्या शब्दांबद्दल बाई शाळेत मुलांना रोज टोकतात, तेच शब्द छापील पानावरून येताना त्या मान खाली घालून ऐकत होत्या. ‘मपलं’, ‘तुपलं’, ‘करायलाय’, ‘जायलाय’ असे बोलणाऱ्या भागात राहूनही आमच्या गटाने त्या वर्षात असा मजकूर एकदाही मोठ्याने वाचला नव्हता, हे मला तेव्हा जाणवले.

यानंतर अडचणींची फेरी झाली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा अर्धा तास तोच होता. भालेरावांच्या पुस्तकाची गटाच्या हाती एकच प्रत होती, अण्णांची. ग्रंथालयाची प्रत संदर्भ विभागात होती आणि ती घरी मिळत नाही. भाषांतरित पुस्तकाच्या स्वस्त प्रती बसस्थानकाजवळ फुटपाथवर मिळतात, पण त्या चोरून छापलेल्या असतात आणि गटाने त्या घेऊ नयेत असे दुकानदार सदस्यानेच सांगितले. ‘आलोक’मधल्या कथा लांब आहेत आणि शेतीतल्या पेचांवर आहेत, भाऊ म्हणाले, ‘पेरणी लांबलीय, पाऊस लागंना. दिवसभर जे डोक्यात हाय तेच रातच्याला पुस्तकात वाचायचं म्हणलं की जड जातं.’ ‘पाचोळा’वर तरुणाने स्पष्ट आक्षेप घेतला: ‘हे तर आमच्या घरचंच आहे. यात नवीन काय कळणार?’ काकूंनी स्वतःच्या पुस्तकाची अडचण सांगितली ती अशी की जुन्या प्रतीतले अक्षर बारीक आहे.

याच फेरीत काकू आणि आणखी एका ताईंनी एक गोष्ट सहज म्हणून सांगितली, आणि आम्ही पुरुषांनी ती आधी कधी ऐकलीच नव्हती. १८ जुलैपासून अधिक श्रावण लागत होता. अधिक महिन्यात त्यांच्या घरी संध्याकाळी पोथी असते, दिवा लावून बसले की दुसरे पुस्तक हातात घेणे होत नाही, आणि दुपारचा जो तास मिळतो तेवढ्यात मोठे पुस्तक संपत नाही. गेल्या वर्षी श्रावणातही असेच झाले होते का, असे मी विचारले. ‘झालं होतं की,’ काकू म्हणाल्या, ‘पण तुम्ही विचारलं नव्हतं.’ नोंदवही उघडून पाहिली तर २०२२ च्या श्रावणातल्या बैठकीला तेरापैकी सहाच जण आले होते, आणि नोंद मी स्वतः लिहिली होती: ‘सदस्यांचा उत्साह कमी.’

चिठ्ठ्या

चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायच्या होत्या. एक, चारही पुस्तकांचा पसंतीक्रम, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत. दोन, प्रत्येक पुस्तकासमोर एक शब्द: हे निवडले गेले तर बैठकीपर्यंत माझे वाचून ‘होईल’, ‘अर्धे’ किंवा ‘नाही’.

पहिल्या पसंतीची मते मोजली तेव्हा हैद्राबादच्या इतिहासाला पाच, भाषांतरित पुस्तकाला चार, ‘आलोक’ला तीन आणि ‘पाचोळा’ला एक मत होते. जुन्या रीतीने निकाल तिथेच लागला असता. पण सरांनी पूर्ण क्रम एका पाठकोऱ्या कागदावर मांडला. पहिल्या पसंतीला तीन गुण, दुसरीला दोन, तिसरीला एक, चौथीला शून्य. ‘पाचोळा’ला चोवीस गुण झाले, ‘आलोक’ला बावीस, हैद्राबादच्या इतिहासाला अठरा आणि भाषांतरित पुस्तकाला चौदा. पहिली पसंती एकाच चिठ्ठीवर असलेली ‘पाचोळा’ शेवटच्या जागी मात्र एकाही चिठ्ठीवर नव्हती. इतिहासाला सहा जणांनी शेवटच्या जागी टाकले होते आणि भाषांतरित पुस्तकाला सात जणांनी. गुण देण्याची ही रीत अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बोर्दा या गणितज्ञाने पुरस्कारली होती, आणि त्याच काळात काँदोर्से याने दुसरा मार्ग सुचवला होता: पुस्तके जोडीजोडीने समोरासमोर उभी करावीत आणि प्रत्येक जोडीत कोण पुढे ते पाहावे. सरांनी तेही केले. ‘पाचोळा’ भाषांतरित पुस्तकापुढे नऊ विरुद्ध चार, ‘आलोक’पुढे आठ विरुद्ध पाच आणि इतिहासापुढे सात विरुद्ध सहा अशी निघाली.

अण्णांना हे रुचले नाही, आणि त्यांचा प्रश्न मी जसाच्या तसा लिहितो, कारण तो टाळण्यासारखा नाही. ‘माझ्या पुस्तकाला पाच मतं, काकूंच्या पुस्तकाला एक, आणि निवडून आलं काकूंचं. सर, हे कुठलं गणित?’ सरांनी घाई केली नाही. ‘अण्णा, हातांनी आपण एवढंच विचारतो की सगळ्यांत पुढं कोणतं. सहा जणांनी तुमचं पुस्तक सगळ्यांत मागं ठेवलंय हे हातांना दिसत नाही,’ असे ते म्हणाले. अण्णांनी लगेच सांगितले की सात विरुद्ध सहा हा फरक एका माणसाचा आहे. तेही खरे होते, आणि सरांनी ते मान्य केले. तीन किंवा अधिक पर्याय असले की सगळ्या रास्त अटी एकदम पाळणारी मोजणीची कोणतीही रीत असू शकत नाही, हे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९५१ मध्येच सिद्ध केले आहे, असे सांगून ते म्हणाले की गणित तुम्हाला निकाल देईल, पण तो मानायचा की नाही हे आपल्यालाच ठरवावे लागेल.

कोणी तरी शंका काढली की गुणांच्या रीतीत डाव खेळता येतो. आपल्या पुस्तकाला धोका ज्याचा, त्याला मुद्दाम तळाला टाकायचे. सरांनी तेही तपासून दाखवले. इतिहासाला पहिली आणि ‘पाचोळा’ला दुसरी पसंती देणाऱ्या चौघांनी ‘पाचोळा’ला शेवटच्या जागी ढकलून बाकीची दोन पुस्तके एकेक पायरी वर सरकवली असती, तर ‘पाचोळा’ सोळा गुणांवर आली असती, पण इतिहास अठरावरच राहिला असता आणि निवड ‘आलोक’ची झाली असती, सव्वीस गुणांनी. हा हिशेब कागदावर झाला तेव्हा खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

खरे तर निकाल पसंतीक्रमाने लागला नाही, दुसऱ्या स्तंभाने लागला. ‘पाचोळा’ वाचून होईल असे नऊ जणांनी लिहिले होते, अर्धे तिघांनी, नाही एकाने. ‘आलोक’चे आकडे सात, चार आणि दोन. भाषांतरित पुस्तक आठ जणांचे वाचून होणार होते, म्हणजे ज्याला सात जणांनी शेवटच्या जागी ठेवले तेच सोपेही वाटत होते. त्या पुस्तकावर बोलायला काही उरणार नाही, असे त्यांतल्या दोघांनी नंतर सांगितले. आणि हैद्राबादचा इतिहास? होईल चार, अर्धे तीन, नाही सहा. ज्या पाच चिठ्ठ्यांवर त्याला पहिली पसंती होती त्यांतल्या दोन चिठ्ठ्यांवर त्याच पुस्तकासमोर ‘अर्धे’ असे लिहिले होते.

सरांनी त्या दोन चिठ्ठ्या वाचल्या. अण्णांनी चष्मा काढला, उपरण्याच्या टोकाने पुसला आणि म्हणाले, ‘त्यातली एक माझी आहे.’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘पुस्तक पाठ आहे मला जागोजाग. पण डोळ्यांनी आता एवढं जाड पुस्तक होत नाही. तुम्ही सगळ्यांनी वाचावं असं वाटत होतं.’

माझ्या सगळ्या तपासाचे उत्तर त्या वाक्यात होते. मे महिन्यात हात वर करणारे सहा जण आणि जुलैत इतिहासाला पहिली पसंती देणाऱ्या पाचांपैकी दोघे यांच्यात फरक नव्हता. माणूस गटासाठी पुस्तक निवडताना आपल्या मनातला उत्तम वाचक उभा करतो, जो कधी तो स्वतः दहा वर्षांपूर्वी होता आणि कधी दुसऱ्याने व्हावे अशी त्याची इच्छा असते. ती इच्छा चांगली आहे आणि तिचा मान राखायला हवा; पण ती मोजून त्या आकड्यावर महिन्याचे वाचन उभे करता येत नाही.

पुढे काय झाले

निवड ‘पाचोळा’ची झाली. अण्णांसाठी ठरले ते असे की १७ सप्टेंबरला, त्या दिवशी रविवारच होता, वेगळी बैठक घ्यायची आणि भालेरावांच्या पुस्तकातला त्यांनी निवडलेला भाग मोठ्याने वाचायचा. वाचणार बाई, सांगणार अण्णा. अधिक महिन्याची अडचण लक्षात घेऊन ‘पाचोळा’साठीही मधल्या दोन दुपारी काकूंच्या ओसरीवर वाचन ठेवले.

प्रतींचे काम कंटाळवाणे होते, पण ते केल्याशिवाय बाकी सगळे व्यर्थ असते. ग्रंथालयाच्या देवघेव विभागात दोन प्रती होत्या, महाविद्यालयातून एक मिळाली, एक सदस्याच्या घरी निघाली आणि तीन प्रती स्थानिक विक्रेत्याने छत्रपती संभाजीनगरहून मागवून दिल्या. तेरा माणसांना सात प्रती. झेरॉक्स काढावी अशी सूचना आली, ती आम्ही नाकारली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे पुस्तकावर हक्क असतो, आणि बोराडे सर तेव्हा हयात होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्याच भागातल्या लेखकाचे पुस्तक वाचायला घ्यायचे आणि त्याची चोरून प्रत करायची, हे कोणालाच पटले नाही. दोघांत एक प्रत, पंधरा दिवस एकाकडे आणि पंधरा दिवस दुसऱ्याकडे, अशी वाटणी केली आणि ज्यांच्याकडे पोथी होती त्यांना दुसरा पंधरवडा न देता पहिला दिला, कारण त्यातला जवळजवळ आठवडा अधिक महिन्याच्या आधीचा होता. हे इतके बारीक नियोजन मी एरवी केले नसते. अडचणींच्या फेरीमुळे ते करता आले.

१३ ऑगस्टच्या बैठकीला अकरा जण आले. आठ जणांनी पुस्तक पूर्ण वाचले होते, दोघांनी निम्म्याहून अधिक, आणि एक सदस्य फक्त ओसरीवरच्या वाचनाला बसला होता. ऑगस्टात पावसाने ओढ दिली होती, सोयाबीन सुकत होते आणि भाऊ येतील असे मला वाटले नव्हते. पण ते आले आणि गावातल्या शिंप्याबद्दल, त्याच्या शिलाई यंत्राबद्दल आणि ते यंत्र घरातून गेले त्या दिवसाबद्दल सलग दहा मिनिटे बोलले. त्यांना इतके बोलताना आम्ही कधी ऐकले नव्हते. बैठक अडीच तास चालली.

गुणांत दुसरे आलेले ‘आलोक’ पुन्हा मतदान न घेता सप्टेंबरसाठी घेतले. १० तारखेला नऊ जण आले. चर्चा चांगली झाली, तरी दोघांनी एकेकच कथा वाचली होती, आणि भाऊंचे जुलैतले म्हणणे बरोबर होते: दुष्काळाच्या सावटात शेतीवरच्या कथा त्यांच्याने वाचवल्या नाहीत. एकदा सांगितलेली अडचण आम्ही दुसऱ्या महिन्यात विसरलो, ही आमची चूक होती.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. भाषांतरित पुस्तक सुचवणारा तरुण ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या दोन्ही नियमित बैठकांना आला नाही. १७ सप्टेंबरच्या वाचनाला तो आला, मागे बसला आणि वहीत तारखा उतरवून घेत होता. अण्णा सांगताना अडले की तो मान वर करून पाहत असे. बैठक संपल्यावर मी त्याला पुढच्या यादीबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘माझं पुस्तक दरवेळी शेवटीच जाणार काका, मग सुचवून काय उपयोग?’ ज्या पुस्तकाला चार जणांची पहिली पसंती आहे ते सात जणांच्या नापसंतीमुळे कायम मागे राहणार असेल, तर गुणांची ही रीत बहुमताला जे सहन होते त्याच्याच बाजूने झुकते, हे मला कबूल करावे लागते. त्यासाठी आम्ही नियम केला की पहिल्या पसंतीची चार किंवा अधिक मते असूनही न निवडलेले पुस्तक पुढच्या यादीत आपोआप येईल. ऑक्टोबरमध्ये ते आले आणि पुन्हा मागे पडले. सरांच्या मते नियम पाळला गेला एवढे पुरे. बाईंना आणि मला वाटते की वर्षातला एक महिना मतदानाशिवाय, पाळीपाळीने, एकेका सदस्याच्या निवडीला द्यावा आणि पहिली पाळी त्या तरुणाची असावी. यावर अजून एकमत झालेले नाही.

८ ऑक्टोबरच्या चिठ्ठीत तिसरा स्तंभ आला. अण्णा आणि काकूंनी तो मागून घेतला होता. पुस्तकाचे नुसते नाव सांगायचे नाही, प्रत सोबत आणायची आणि ती सगळ्यांच्या हातून फिरवायची, असे ठरले आहे. अण्णांकडे प्रत आली की ते मधलेच एखादे पान उघडतात, खिडकीपाशी नेऊन हात लांब करून धरतात, चार ओळी ओठांतल्या ओठांत वाचून पाहतात आणि परत जागेवर येऊन त्या स्तंभात अक्षराबद्दल लिहितात: चालेल, किंवा चालणार नाही.